मोटारसायकलवरचा चार्जर निवडताना

विद्युत मोटारसायकलसाठी ऑनबोर्ड चार्जर निवडताना किलोवॉटच्या आकड्यावर नजर आधी जाते. मी मात्र गाडी कुठे आणि किती वेळ उभी राहणार आहे, हे आधी पाहतो. सात किलोवॉट-तासांचा बॅटरी पॅक असलेली गाडी रात्रभर उभी राहत असेल, तर एक किलोवॉटचा चार्जरही तिला पुरतो; ६.६ किलोवॉटचे ओझे वाहण्याला अर्थ येतो तो लांबच्या प्रवासात, जेवणाच्या वेळेत पॅक बराचसा भरून निघायचे असते तेव्हा.

व्होल्टेजच्या बाबतीत तडजोड करता येत नाही. एकसरीत २० साधे लिथियम-आयन सेल असलेला पॅक ८४ व्होल्टला पूर्ण भरतो, तर २४ लिथियम-आयर्न-फॉस्फेट सेलांचा ८७.६ व्होल्टला, आकडे जवळचे असले, तरी एकाचा चार्जर दुसऱ्याला जसाच्या तसा लावणे धोक्याचे आहे. चार्जरने बीएमएसचे, म्हणजे पॅकमधील सेलांवर लक्ष ठेवणाऱ्या इलेक्ट्रॉनिक यंत्रणेचे, ऐकलेही पाहिजे, आणि बीएमएसचे संदेश येणे बंद झाले तर त्याने स्वतःहून थांबले पाहिजे.

ज्याचा विचार सर्वांत कमी होतो, पण मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो, तो प्रश्न उष्णतेचा आहे. मोटर आणि कंट्रोलर धावत्या गाडीवरच्या वाऱ्याने थंड राहतात. चार्जर मात्र गाडी उभी असतानाच काम करतो, आणि तेही बहुधा टाकीच्या जागी असलेल्या बंदिस्त पोकळीत. ९३ टक्के कार्यक्षमतेचा चार्जर ३.३ किलोवॉट देत असताना सुमारे २५० वॉट उष्णता बाहेर टाकतो, आणि ६.६ किलोवॉटला ती ५०० वॉटच्या घरात जाते. ही उष्णता बाहेर पडली नाही, तर चार्जर स्वतःच्या बचावासाठी प्रवाह कमी करतो आणि मोठा चार्जर घेतल्याचा फायदा नेमका घाईच्या वेळी हातचा जातो. पाऊस आणि धूळ लक्षात घेता मी पूर्ण सीलबंद चार्जरच पसंत करतो. मात्र त्याची पाठ ॲल्युमिनियमच्या जाड पट्टीला घट्ट टेकलेली हवी, आणि त्याच्या आवरणावरच्या, उष्णता सोडणाऱ्या धातूच्या पात्यांवरून हवा खेळवणारा जलरोधक पंखा चार्जिंग सुरू होताच चालू व्हायला हवा.

दुसरी बाजू वीजपुरवठ्याची. २३० व्होल्टच्या सॉकेटमधून १० अँपिअर मिळत असतील, तर पुरवठा २.३ किलोवॉटचाच असतो, ३.३ किलोवॉटच्या चार्जरला पूर्ण क्षमतेने चालण्यासाठी १५ अँपिअरहून थोडे अधिक लागतात, म्हणून प्रवाह कमी करण्याची सोय असायलाच हवी. टाइप २ जोडणीचे (विद्युत गाड्यांच्या एसी चार्जिंगसाठीच्या प्रमाणित प्लगचे) चार्जिंग स्टेशन उपलब्ध प्रवाहाची मर्यादा एक किलोहर्ट्झच्या पायलट संकेतातून कळवते: या संकेताचा स्पंद प्रत्येक आवर्तनाच्या १० टक्के रुंद असेल, तर ६ अँपिअर आणि ५० टक्के असेल, तर ३० अँपिअर. सुटे विकत घेतलेले अनेक चार्जर हा संकेत ओळखत नाहीत. मग तो वाचून चार्जरला मर्यादा घालणारे छोटे सर्किट मध्ये बसवावे लागते.

याच स्टेशनांमुळे माझा कल एका मोठ्या चार्जरऐवजी ३.३ किलोवॉटच्या दोन मॉड्यूलकडे, म्हणजे दोन स्वतंत्र छोट्या चार्जरकडे, झुकतो. ११ किलोवॉटचे स्टेशन तीन फेजवर प्रत्येकी १६ अँपिअर देते. एकाच फेजवर चालणारा ६.६ किलोवॉटचा चार्जर तिथे जेमतेम अर्ध्या ताकदीने चालतो, तर दोन फेजवर विभागलेली दोन मॉड्यूल पूर्ण क्षमता वापरू शकतात. शिवाय एक बंद पडले, तरी दुसऱ्यावर घर गाठता येते. अर्थात वायरिंग वाढते, आणि एका फेजच्या स्टेशनवर दोन्ही मॉड्यूलचा मिळून प्रवाह मर्यादेत ठेवण्याची जबाबदारी पायलट संकेत वाचणाऱ्या त्या छोट्या सर्किटवर येते.

अशा रचनेत दोन्ही मॉड्यूलचे डीसी आउटपुट एकाच पॅकला समांतर जोडले जात असल्यामुळे त्यांच्या आत ट्रान्सफॉर्मरने केलेले विलगीकरण, म्हणजे पुरवठ्याची बाजू आणि पॅकची बाजू यांच्यात थेट विद्युत जोडणी नसणे, अनिवार्य आहे. विलगीकरण नसलेला चार्जर कितीही हलका आणि स्वस्त असला, तरी मी तो गाडीवर बसवणार नाही. प्रत्येक मॉड्यूलला पॅकजवळ स्वतंत्र डीसी फ्यूज हवा, आणि दोन्हींची धातूची आवरणे व गाडीचा सांगाडा प्लगच्या अर्थिंगला पक्का जोडलेला हवा.