खिद्रापूरचा काळा दगड काळाच राहू दे की!

कोल्हापूर जिल्ह्यातल्या खिद्रापूरला कोपेश्वराच्या देवळातल्या स्वर्गमंडपात भर दुपारी उभं राहिलं की कॅमेऱ्याचा घामटा निघतो. डोक्यावर छत नाही, गोल मोकळं आकाश. त्यातून खालच्या गोल शिळेवर पडलेलं लख्ख ऊन. भोवती खांबच खांब, एकूण ४८, आणि मागच्या रांगेतले जवळजवळ अंधारात. आपली नजर फिरेल तसा डोळा जुळवून घेतो, म्हणून आपल्याला सगळं दिसतं. कॅमेऱ्याच्या वाट्याला एका फ्रेमला एकच एक्स्पोजर येतं, म्हणजे आत घ्यायच्या प्रकाशाचं एकच माप.

मग घरी येऊन मंडळी काय करतात? लाइटरूम हे फोटो सुधारायचं सॉफ्टवेअर उघडायचं, हायलाइट्स (उजळ भाग) उणे १००, शॅडोज (सावलीचा भाग) अधिक १००, की झाला फोटो. ग्रुपवर ‘लय भारी’, ‘नाद खुळा’ सुरू. मला मात्र असला फोटो बघवत नाही. शिळेवरच्या उन्हातला कडकपणा गेलेला असतो आणि आठ-नऊशे वर्षांचा काळा दगड कालच गिलावा केल्यासारखा राखाडी दिसतो.

हे आकडे बदलणाऱ्या सरकपट्टीला, म्हणजे स्लायडरला, जागा कळत नाही, फक्त उजेड-अंधार कळतो. सावलीतला खांब आणि उन्हात उभ्या असलेल्या बाईंची काळी चंद्रकळा त्याच्या लेखी एकच. दोन्ही उचलणार. म्हणून मी मुख्य पॅनेलमधले ते दोन स्लायडर जवळपास हलवत नाही, सगळं काम मास्कमध्ये करतो, म्हणजे फोटोचा हवा तेवढाच भाग निवडून.

शिळेवर रेडियल (गोल) मास्क, आणि त्याला ल्युमिनन्स रेंजने, म्हणजे उजेडाच्या पट्ट्यावरून होणाऱ्या निवडीने, छेद द्यायचा, म्हणजे वर्तुळातला फक्त उजळ भाग पकडला जातो. तिथं हायलाइट्स उणे ३०च्या आसपास, बास. दगडावरचे छिन्नीचे घाव दिसायला लागले की थांबायचं. आतल्या वर्तुळातल्या १२ खांबांना ब्रश, पण तोही फक्त उजेडाकडच्या अंगाला, शॅडोज अधिक २५पर्यंत. मागच्या खांबांना हात नाही. कधी कधी तिथले ब्लॅक्स (सगळ्यात काळा भाग) उलट थोडे खालीच नेतो. हा छेद द्यायची सोय लाइटरूम क्लासिकमध्ये ऑक्टोबर २०२१च्या अपडेटमध्ये नीट आली. पैसे घालायचे नसतील तर डार्कटेबल हे तसलंच सॉफ्टवेअर फुकट आहे. त्यात हाताने काढलेला मास्क आणि पॅरामेट्रिक मास्क (उजेड किंवा रंगावरून आपोआप निवडलेला) एकत्र लावता येतात. शिकायला जरा किचकट, पण त्यातला टोन इक्वलायझर, म्हणजे उजेडाच्या एकेका पातळीला वेगळं वर-खाली करायचं साधन, एकदा हाताला बसला की सुटत नाही.

यात काठ सांभाळणं सगळ्यात अवघड. खांबाच्या कडेला आकाश आलं आणि मास्क बाहेर सांडला की पांढुरकी झालर उमटते. फोटोशॉपच्या शॅडोज/हायलाइट्समध्येही रेडियस चुकला की हीच झालर. आमच्या काकांच्या स्टुडिओत एन्लार्जर होता, निगेटिव्हवरून कागदावर मोठा फोटो छापायचं यंत्र. तारेच्या टोकाला पुठ्ठ्याची चकती लावून ते चेहऱ्यावरचा प्रकाश अडवायचे, म्हणजे कागदावर तेवढा भाग उजळ राहायचा. भोक पाडलेल्या पुठ्ठ्यातून जास्तीचा प्रकाश सोडला की तेवढा भाग गडद. हात सारखा हलता ठेवायचे. “थांबलास की कड दिसली बघ,” असं म्हणायचे. आजचा फेदर, म्हणजे मास्कची कड मऊ करायची सोय, म्हणजे तोच हलता हात.

कोल्हापूरच्या अंबाबाईच्या किरणोत्सवाला मावळतीची किरणं गाभाऱ्यात येतात. त्या वेळी कुणी आत चार हॅलोजन लावले तर बघायचं काय? स्वर्गमंडपातही तेच आहे. मागचे खांब अंधारात आहेत म्हणून शिळेवरचं ऊन ऊन वाटतं. तालमीतल्या फोटोचंही तसंच: पैलवानाच्या खांद्यावरची चमक मारली की कातडी मेणासारखी दिसते, आणि हौद्यामागची भिंत उजळली की नजर कुस्ती सोडून भिंतीवरच्या खुंट्या मोजत बसते.

अर्थात हे सगळं रॉ फाइल, म्हणजे कॅमेऱ्याने टिपलेली कच्ची फाइल, असेल तरच. १४ बिट रॉमध्ये प्रत्येक रंगाला १६,३८४ पायऱ्या असतात, जेपेगमध्ये २५६. जेपेगची सावली उचलली की रंगीत ठिपके आणि पट्टे वर येतात. आणि पूर्ण पांढरं जळालेलं ऊन रॉमधूनही परत येत नाही, म्हणून एक्स्पोजर उन्हासाठी धरायचं.

अल्बमला जाणारा फोटो असेल तर आधी स्क्रीनचा ब्राइटनेस उतरवा. झगझगीत स्क्रीनवर जी सावली छान दिसते ती कागदावर बुजते, आणि मग दोष प्रिंटवाल्याच्या माथी.

‘दादा, प्रीसेट पाठवा’, म्हणजे स्लायडरचे तयार आकडे पाठवा, असे मेसेज येतात. आकडे वर दिलेत, खुशाल घ्या. पण मास्क कसा पाठवू? तुमच्या फ्रेममध्ये ऊन कुठल्या खांबावर पडलंय ते मला इथं बसून कसं कळणार?