नदीपलीकडचा काठ

९ ऑक्टोबर

आज पोलिश चित्रपट-दिग्दर्शक आंद्रे वायदाची पुण्यतिथी. २०१६ साली गेला, वयाच्या ९०व्या वर्षी, तोही नवा चित्रपट हातावेगळा करून. (आडनाव मराठीत भलतंच वाटतं, पण पोलिश उच्चार हाच.) त्याचा विषय निघाला की लोक ऑस्कर आणि कामगारनेता लेक वालेन्सावरचा त्याचा चित्रपट काढतात. त्याची खरी कारागिरी दिसते ती दुसरीकडे. कम्युनिस्ट पोलंडचा सेन्सॉर पटकथेतले शब्द वाचतो, चित्र वाचायला त्याला जड जातं, हे या गड्याने फार लवकर हेरलं. मुळात तो चित्रकलेचा विद्यार्थी, क्राकोची अकादमी सोडून वूचच्या फिल्म स्कूलमध्ये आलेला.

'कनाल' (१९५७) घ्या. नाझींविरुद्धचा १९४४चा वॉर्सा उठाव मोडत आलाय, बंडखोर गटारांतून वाट काढताहेत. एक मुलगी जखमी बंडखोर कोराबला ओढत ओढत गटाराच्या मुखाशी आणते. उजेड दिसतो, आणि समोर लोखंडी गज. गजांपल्याड विस्तुला नदी आणि तिचा पलीकडचा काठ. बस. त्या काठावर तेव्हा सोव्हिएत फौज येऊन थांबली होती आणि इकडे उठाव चिरडला जात होता. हे संवादात आलं असतं तर पटकथा टेबलावरच अडली असती. वॉर्सातल्या प्रेक्षकाला मात्र नुसता काठ पुरला.

या युक्तीची गोम अशी, की अर्धा चित्रपट प्रेक्षकाच्या डोक्यात असावा लागतो. आज नवख्यांना 'कनाल' दाखवायचा तर त्या काठावर कोण होतं एवढं आधी दोन वाक्यांत सांगावं. नाहीतर त्यांना फक्त नदी दिसते.

चित्र दुधारीही असतं. 'ॲशेस अँड डायमंड्स'मध्ये (१९५८) कम्युनिस्टांविरुद्ध लढणारा, गोळी लागलेला माचेक वाळत घातलेल्या पांढऱ्या चादरींत लपतो. रक्त कापडातून बाहेर उमटतं. पांढरं आणि लाल, म्हणजे पोलंडचा झेंडा. पण चित्रपट कृष्णधवल, त्यामुळे लाल रंग बघणाऱ्याने स्वतः भरायचा. मग माचेक उकिरड्यावर तडफडून मरतो. शत्रूची जागा उकिरड्यावरच, असं म्हणायला सरकार मोकळं. प्रेक्षक मात्र माचेकसाठी हळहळले.

सेन्सॉर प्रत्येक वेळी फसला असंही नाही. 'मॅन ऑफ मार्बल'ची पटकथा १९६०च्या दशकातली, पडद्यावर यायला १९७७ उजाडलं. नायक १९७०च्या, संपकरी कामगारांवरच्या गोळीबारात मेला हे सांगणारा स्मशानाचा प्रसंग तरीही कापला गेलाच. 'मॅन ऑफ आयर्न'मध्ये (१९८१) तो हिशेब पुरा झाला. 'मॅन ऑफ मार्बल'ला गदान्स्कच्या महोत्सवात अधिकृत बक्षीस नाही म्हटल्यावर समीक्षकांनी वायदाच्या हातात फीत बांधलेली वीट ठेवली. नायक गवंडी होता ना!

'कातिन'च्या (२००७) वेळी सेन्सॉर उरला नव्हता. सोव्हिएतांनी १९४० साली पोलिश अधिकाऱ्यांचं जे हत्याकांड केलं, वायदाचे वडील त्यातच गेले. इथे तो काहीही सुचवत बसत नाही: एकेक अधिकारी आणला जातो, मानेवर गोळी, पुढचा. खड्डा बुलडोझरने बुजवतात. मग काळा पडदा. मला हा शेवट त्याच्या सगळ्या प्रतीकांपेक्षा भारी वाटतो, आणि त्याआधीचा अर्धाअधिक चित्रपट सैल वाटतो.

शेवटच्या 'आफ्टरइमेज'मध्ये पुन्हा जुनीच खोड. चित्रकार स्त्शेमिन्स्की, एक हात, एक पाय, कोऱ्या कॅनव्हाससमोर बसलाय. बाहेर इमारतीवर स्टालिनचं प्रचंड लाल कापड चढवलं जातं, खिडकी झाकते, आणि खोली, कॅनव्हास सगळं लालभडक होतं. तो कुबडी उचलून कापडाला भोक पाडतो.