सगळ्या हीट 1400 च्या

आमचे आधीचे मॅनेजर फेब्रुवारीत गेले. निरोप समारंभ झाला नाही, पण दुसऱ्या दिवशी फर्नेसवर कुणीतरी पेढे वाटले. "पोरगं पास झालं," म्हणाले. फेब्रुवारीत कुठला निकाल लागतो, हे मी विचारलं नाही.

शॉप माझ्या हातात आलं. कोल्हापूरजवळच्या शिरोली एमआयडीसीतली मध्यम फौंड्री, म्हणजे लोखंड वितळवून साच्यांत ओतायचा कारखाना. 500 किलोची इंडक्शन फर्नेस, म्हणजे विजेवरची भट्टी, आणि साठेक माणसं. पहिल्याच महिन्यात रिजेक्शन, म्हणजे खराब निघालेल्या मालाचं प्रमाण, 4 टक्क्यांवरून 9 वर गेलं. मालकांनी बोलावून विचारलं, "म्हणजे ते होते तेच बरं होतं म्हणायचं का?"

बाहेरच्या माणसाला एक गोष्ट माहीत नसते. फौंड्रीत खराब माल लपवण्याइतकं सोपं काही नाही. कास्टिंगला, म्हणजे ओतून तयार झालेल्या भागाला, ब्लोहोल (वायूनं पडलेलं भोक) दिसला की ते गुपचूप रनर-रायझरच्या, म्हणजे ओतकामात उरलेल्या तुकड्यांच्या, ढिगात टाकायचं, पुढच्या वेळी भट्टी भरताना ते परत आत. तासाभरात पुरावा वितळला. आधीचे साहेब रिजेक्शनचा आकडा बघून आईबहिणीवर यायचे, म्हणून पोरं आकडाच वितळवायची. आता ती लपवायची थांबली होती, एवढंच. मालकांना पटलं की नाही, अंबाबाईलाच ठाऊक.

तापमानाचं रजिस्टर तर बघण्यासारखं. आमच्या पातळ भिंतीच्या कास्टिंगला ओतताना 1380 अंश तरी लागतात. रजिस्टरात वर्षभर प्रत्येक हीट, म्हणजे एका वेळी वितळवलेली मेटल, 1400. ना 1395, ना 1410. मोजणार तरी कशानं? पायरोमीटरची टिप एकदा मेटलमध्ये बुडवली की गेली, म्हणून खर्च वाचवायला साहेबांनी टिपांचे बॉक्स स्वतःच्या ड्रॉवरमध्ये कुलपात ठेवलेले. ऑडिट आलं की बाहेर. फर्नेसवाले मामा मेटलचा रंग बघून तापमान सांगायचे, आणि वीसेक अंश इकडंतिकडं सोडले तर बरोबर सांगायचे. लिहायचे मात्र 1400. खाली शिफ्ट सुपरवायझर म्हणून सही माझी.

टिपा मी फर्नेसवर आणून ठेवल्या. "जे येईल ते लिहा, कुणी ओरडणार नाही," म्हणालो. दोन आठवडे तरीही 1400 च.

मग तो गुरुवार. पुण्याची गाडी दारात उभी, 40 मोल्ड ओतायचे बाकी. मी ऑफिसातून बाहेर येतो तर मामांनी अख्खा लॅडल, म्हणजे मेटल ओतायची बादली, पिगच्या साच्यांत (परत वितळवायचे ठोकळे पाडतात त्यांत) रिकामा करायला लावलेला. मी तिथूनच ओरडलो, "कुणाला विचारून ओतलं?"

वाक्य साहेबांचंच. बोट नाचवायची लकबसुद्धा. हे मला तोंडातून बाहेर पडल्यावर कळलं, बाकीच्यांना आधीच कळलं असावं, कारण मोल्डिंगवाले हातातलं काम सोडून जमिनीकडं बघायला लागले.

मामांनी रजिस्टर पुढं केलं. 1315.

"नव्या लायनिंगचा लॅडल हाय. बर्नर मधनंच बंद पडला, नीट तापलाच न्हाई. सगळी उष्णता लायनिंगनंच खाल्ली. मोल्ड भरलं असतं वो, पर उद्या सगळा माल माघारी आला असता. फर्नेसमदी पुढचा चार्ज पडलाय, परत वतायला जागा न्हाई. आनि तुमीच म्हणलासा की, येईल ते लिवा."

बर्नरबद्दल मेंटेनन्सला तीनदा सांगून झालं होतं. आमच्या मेंटेनन्सला चौथ्यांदा सांगितल्याशिवाय ऐकू येत नाही.

गाडी रात्री साडेनऊला सुटली, अर्धीच भरून. मी माफी मागितली नाही. चहा मागवला, मामांच्या शेजारी बाकड्यावर बसलो आणि 1315 च्या पुढं सही केली. मामा बर्नरबद्दलच बोलत राहिले. त्यांच्यापुरतं ते मिटलं असेल.

रात्रपाळीला फर्नेसवर असतो तो पोरगा वर्षभरापूर्वी लागलेला. हल्ली टिप वापरून खरे आकडे लिहायला लागला होता. त्या गुरुवारी तो लवकर आला होता, दारातच डबा हातात धरून उभा होता.

शुक्रवारी सकाळी मी त्याचं पान उघडलं. सातच्या सात हीट 1400.