कातळचित्रं दुपारी बाराला दाखवणारी सहल घेऊ नका

गोव्यातल्या कुशावती नदीकाठची एका दिवसाची सहल म्हणून जे विकतात, त्यात चांदरचा ब्रागांझा घराण्याचा वाडा, रिवणची पांडवांची गुंफा, उसगाळीमळची कातळचित्रं आणि नेत्रावळीची बुडबुड्यांची तळी (म्हणजे तळं) एका दमात कोंबलेली असते. ठिकाणं अस्सल आहेत. क्रम मात्र चुकीचा, आणि त्यापायी ज्यासाठी पैसे मोजले तेच दिसत नाही.

गाडी आधी बागा, कळंगुट, कांदोळीची हॉटेलं पालथी घालते. झुवारी नदी ओलांडेपर्यंत नऊ. वाटेत चांदरला तास-दीड तास, आणि मग उसगाळीमळला नदीकाठच्या जांभ्यावर बरोबर माथ्यावरच्या उन्हात. तिथल्या कोरलेल्या रेघा उथळ आणि कातळाच्याच रंगाच्या. ऊन डोक्यावर असलं की खाचेत सावली पडत नाही, आणि सावली नाही तर चित्र नाही. पायाशी शंभरावर आकृत्या असतात आणि लोक विचारतात, "कुठं आहेत?" मग गाइड बाटलीतलं पाणी ओततो, ती ओल बघता बघता वाळते. काही जण खडू काढतात. खडू लावू देऊ नका. रेघ हमखास खाचेबाहेर जाते आणि फोटो निघतो तो खडूचा.

सकाळी नवाच्या आत किंवा चारनंतर तिरप्या उन्हात तोच कातळ बोलू लागतो. आधी बैलाचं वशिंड उठतं, मग पाठीची सलग रेघ, मग शिंगं. सात वलयांचा चक्रव्यूह तर लांबूनच ओळखू येतो. दुपारीच पोचलात तर काळी छत्री उघडून चित्रावर धरा आणि दुसऱ्याला मोबाइलचा टॉर्च जमिनीला जवळजवळ टेकवून, चित्रापासून वीतभर अंतरावर आडवा धरायला सांगा. वरून मारलेला टॉर्च फुकट. एका वेळी हातभर भाग उजळतो. पूर्ण आकृती अशी तुकड्यातुकड्यांनीच बघावी लागते.

चित्रांवर बूट घालून चढू नये. अनवाणी जावं तर दुपारी जांभा तव्यासारखा तापलेला असतो, वर खरबरीत. जाड सुती मोजे न्या, पातळ नायलॉनचे नकोत. पावसाळ्यात नदी चढली की चित्रं पाण्याखाली जातात. तेव्हा कुणी ही सहल विकत असेल तर सरळ नाही म्हणा. ओसरल्यावरही कातळावर गाळ आणि शेवाळ राहतं. नोव्हेंबरनंतरच जावं.

योग्य क्रम उलटा: रात्री मडगावात मुक्काम, साडेसहाला निघायचं, केपे-तिळामळ-रिवण मार्गे थेट उसगाळीमळ. तिथून पुढे नेत्रावळी, परतताना रिवणची गुंफा, शेवटी चांदर. गाइड तयार नसेल तर दुसरा बघा. "सगळे असंच करतात" हे उत्तर त्याच्या डिझेलच्या सोयीचं आहे.

तळीवर टाळ्या वाजवल्या की बुडबुडे वाढतात, असं सांगतात. न वाजवताही येतच राहतात. दहा मिनिटं पुरे. गुंफेत ओणवं होऊन शिरावं लागतं, टॉर्च हवाच. कुळागरातलं (सुपारी-नारळाच्या बागेतलं) जेवण चांगलं असतं, त्याबद्दल तक्रार नाही.

तक्रार चांदरची. ब्रागांझांच्या वाड्याचे दोन भाग दोन वेगळ्या शाखांकडे आहेत आणि दोन्हीकडे वेगवेगळी देणगी द्यावी लागते. घर राहतं आहे, तेव्हा त्यांचं मागणं रास्तच. पण सहलीच्या दरात 'वाडा समाविष्ट' म्हणायचं आणि दारात पाकीट काढायला लावायचं, हा सहल विकणाऱ्याचा लबाडपणा. बुकिंग करतानाच विचारा: दोन्ही भागांची देणगी दरात आहे का, गाइडची वेगळी द्यायची का, जेवण कुणाकडे? उत्तर व्हॉट्सअ‍ॅपवर लिहून घ्या. फोनवरचं गोड बोलणं झुवारीच्या अलीकडेच विरतं. उसगाळीमळला 'एन्ट्री' म्हणून कुणी रोख मागितली तर पावती मागा.

आणि गाइड चित्रांचं वय छातीठोकपणे वीस हजार वर्षं सांगेल. अभ्यासकांचे अंदाज हजारो वर्षांनी इकडेतिकडे आहेत, त्यामुळे वाद घालत बसू नका. तेवढ्यात ऊन वर चढतं.