रोमचं पाणी आणि वीतभर काशाची नळी

सोलापुरात पाण्याचा विषय उजनी, टाकळी, हिप्परग्यापासून सुरू होतो आणि गल्लीतल्या चावीवाल्यावर नाहीतर शेजाऱ्याने नळाला थेट लावलेल्या मोटारीवर येऊन थांबतो. धरणात किती आहे हे पेपरात रोज छापून येतं, मध्ये कुठे मुरतं ते कोणी छापत नाही. प्राचीन रोममध्ये मात्र हे एका अधिकाऱ्याने लिहून ठेवलंय, तेही आकड्यांसकट.

सेक्स्टस ज्युलियस फ्रॉन्टिनस हे त्याचं नाव. ब्रिटनचा सुभेदार राहिलेला हा माणूस इ.स. 97 मध्ये सम्राट नेर्वाने रोमच्या पाणीखात्याचा प्रमुख नेमला. तेव्हा शहराला नऊ कालवे पाणी पुरवत होते. सगळ्यात जुना आप्पिया इ.स.पू. 312 चा, तर क्लॉडिया आणि आनिओ नोव्हस हे दोन इ.स. 52 मध्ये पुरे झालेले. रोमन कालव्यांच्या फोटोत दिसतात त्या उंच कमानींचं कौतुक जरा जास्तच होतं. मार्किया कालवा सुमारे 91 किलोमीटर लांब, त्यातला 80 किलोमीटरच्या आसपास जमिनीखालून. शहराजवळ सखल भागात उतार टिकवायला कमानी लागल्या, इतकंच. मला विचाराल तर या व्यवस्थेतला सगळ्यात हुशारीचा भाग जेमतेम वीतभर होता.

कालव्याचं पाणी शहरातल्या हौदांमध्ये यायचं. ज्याला सम्राटाची परवानगी मिळाली त्याच्यासाठी हौदाला काशाची नळी बसवायची, तिला ‘कॅलिक्स’ म्हणत. लांबी किमान 12 अंगुळं, म्हणजे साधारण 22 सेंटिमीटर, आणि वर सरकारी शिक्का. पुढची पाइपलाइन शिशाची. मग तोंडाशीच कासं का? शिसं मऊ, आतून ठोकून रुंद करता येतं. काशाला ते जमत नाही. मापाचं एकक ‘क्विनारिया’, व्यास सव्वा अंगुळ, म्हणजे सुमारे 2.3 सेंटिमीटर. आपल्या घरगुती अर्ध्या इंची नळापेक्षा बरंच मोठं, आणि धार दिवसरात्र चालू.

आता चोरी कशी व्हायची ते बघा. नळी ठरल्या पातळीच्या खाली बसवली की वर पाण्याचा दाब जास्त, म्हणून पाणी जास्त. तिचं तोंड येणाऱ्या प्रवाहाच्या समोर वळवलं तरी तेच. म्हणून सगळ्या नळ्या एका रेषेत बसवायच्या असा दंडक होता. तिसरी युक्ती सगळ्यात बेरकी: नळी मापाची, शिक्क्याची, पण तिच्या लगेच पुढे जोडलेला पाइप मोठा. पुढे रुंद होत जाणारा मार्ग मिळाला की अरुंद तोंडातूनही पाणी जास्त ओढलं जातं, हे आजचं जलशास्त्रही सांगतं. त्यावर उपाय म्हणून कॅलिक्सनंतर 50 फुटांपर्यंत पाइप त्याच व्यासाचा असावा असा नियम होता.

खात्यातले लोकही मागे नव्हते. परवानगी माणसाच्या नावावर असे. जागा विकली किंवा मालक वारला की ती संपायची. नव्या मालकाला नवी परवानगी मिळाली की पाणीवाले हौदाला नवं भोक पाडत, जुनं तसंच ठेवत आणि त्याचं पाणी विकत. रस्त्याखालून जाणाऱ्या पाइपांनाही जागोजाग भोकं पाडून दुकानदारांना जोडण्या दिलेल्या होत्या. त्या उखडल्यावर निघालेल्या शिशाच्या वजनावरून चोरीचा अंदाज येतो, असं फ्रॉन्टिनस लिहितो. खात्यात 700 गुलाम होते, पण त्यांना खाजगी कामांवर जुंपण्याची चाल पडलेली. दंड म्हणाल तर जबर: कालव्याची मुद्दाम नासधूस केली तर 1,00,000 सेस्टर्स (रोमन नाणी).

दप्तराचा घोळ वेगळाच. नोंदीत एकूण आवक 12,755 क्विनारिया, वाटप 14,018. आलं त्यापेक्षा 1,263 जास्त वाटलं! फ्रॉन्टिनसने कालव्यांच्या मुखाशी जाऊन माप घेतलं, तेव्हा एकट्या मार्कियात नोंदीतल्या 2,162 ऐवजी 4,690 भरले. म्हणजे आवकच मुळात कमी दाखवलेली, आणि वरचं सगळं मधल्यामध्ये गडप.

त्याच्या हिशोबात मात्र एक उणीव आहे. तो प्रवाहाचा आडवा छेद मोजतो, वेग मोजत नाही. वेगाने पाणी वाढतं हे त्याला ठाऊक होतं, तसं तो लिहितोही. पण वेग आकड्यात धरायचं साधन त्याच्याकडे नव्हतं. त्यामुळे क्विनारियाचे लिटर करायला पक्का गुणक नाही, आणि रोममध्ये माणशी रोज अमुक लिटर पाणी मिळायचं असे जे आकडे इंटरनेटवर फिरतात, ते अंदाजाच्या पलीकडे धरू नयेत.