दुखणं मेंदूचं, तुकडा छातीतल्या गाठीचा

ही माझ्या न्यूरोसारकॉइडोसिसची गोष्ट. सारकॉइडोसिसमध्ये शरीरात सुजेच्या पेशींचे पुंजके (ग्रॅन्युलोमा) होतात; ते मज्जासंस्थेत झाले की न्यूरोसारकॉइडोसिस. आधी माझ्या चेहऱ्याची उजवी बाजू लुळी पडली. बेल्स पाल्सी (चेहऱ्याच्या नसेचा अचानक येणारा लकवा) म्हणून उपचार झाले, चेहरा बराचसा सुधारला. काही आठवड्यांनी डावी बाजू गेली, सोबत डोकेदुखी आणि डाव्या कानाला कमी ऐकू येणं. अशी पाठोपाठ दुसरी बाजू जाणं साध्या बेल्स पाल्सीत क्वचितच होतं, म्हणून कॉन्ट्रास्ट देऊन एमआरआय केला. मेंदूच्या तळाकडची आवरणं सुजलेली दिसली. कमरेतून पाणी काढलं, त्यात प्रोटीन वाढलेलं आणि लिम्फोसाइट (पांढऱ्या पेशींचा एक प्रकार) जास्त.

खरी अडचण इथे होती. सारकॉइडोसिससारखंच चित्र टीबीतही दिसतं, आणि टीबी असताना नुसती स्टिरॉइड्स दिली तर तो बळावतो. घरच्यांना औषध लगेच सुरू व्हायला हवं होतं. पण दृष्टीला धोका नव्हता, त्यामुळे आधी तुकडा तपासायचा (बायोप्सी) असं न्यूरॉलॉजिस्टनी ठरवलं. स्टिरॉइड सुरू झाल्यावर गाठी आक्रसतात आणि पुरावा हाती लागणं अवघड होतं. त्यांच्या या निर्णयाबद्दल मी आजही कृतज्ञ आहे. रक्तातलं एसीई (या आजारात अनेकदा वाढणारं एक एन्झाइम) नॉर्मल आलं होतं, पण तेवढ्यावरून सारकॉइडोसिस नाही असं म्हणता येत नाही.

मला खोकला नव्हता, दमही लागत नव्हता. तरी छातीच्या सीटीत दोन्ही फुप्फुसांच्या मुळाशी गाठी सापडल्या. श्वासनलिकेत दुर्बीण घालून, सोनोग्राफीवर बघत सुईने नमुना घेतला. त्यात ग्रॅन्युलोमा होते, पण टीबीत आढळतो तसा कुजलेला भाग नव्हता. टीबीच्या तपासण्याही निगेटिव्ह आल्या. तज्ज्ञांच्या २०१८च्या निकषांनुसार याला 'संभाव्य' (प्रोबेबल) न्यूरोसारकॉइडोसिस म्हणतात. 'निश्चित' म्हणायला मज्जासंस्थेतलाच तुकडा लागतो, आणि ती शस्त्रक्रिया माझी टळली.

पुढे काही दिवस रोज १ ग्रॅम मिथाइलप्रेडनिसोलोन शिरेतून, मग प्रेडनिसोलोनच्या गोळ्या आणि प्रतिकारशक्ती दाबणारं मेथोट्रेक्सेट. मेथोट्रेक्सेट आठवड्यातून एकदाच घ्यायचं असतं. चुकून रोज घेतलं तर जिवावर बेतू शकतं. स्टिरॉइड्सनी साखर वाढली, झोप उडाली. हाडांसाठी ड जीवनसत्त्व घ्यायचा सल्ला अनेकांनी दिला, पण या आजारात ग्रॅन्युलोमाच ते सक्रिय रूपात तयार करतात आणि रक्तातलं कॅल्शियम वाढू शकतं. म्हणून तपासणीशिवाय घेतलं नाही.

गोळ्या कमी करताना डोकेदुखी परतली. सुप्त टीबी नाही याची खात्री करून इन्फ्लिक्सिमॅब हे सूज रोखणारं औषध सुरू केलं. ताज्या एमआरआयमध्ये आवरणांची सूज बरीच ओसरली आहे. डाव्या कानाला मात्र अजून कमीच ऐकू येतं.