धूर कशाचा?

पहिल्या खेपेला माझ्या कागदावर पाचही ग्लासांच्या रकान्यांत एकच शब्द होता, ‘धूर’. ग्लासगोत आमच्या गल्लीतली सात-आठ हौशी माणसं महिन्यातून एकदा कुणाच्या तरी घरी जमतात. व्हिस्कीच्या बाटल्या कागदात गुंडाळलेल्या असतात आणि प्रत्येक ग्लासला शंभरपैकी गुण द्यायचे असतात. वास, चव, घोट गिळल्यावर मागे काय उरतं ते आणि एकूण तोल, प्रत्येकी २५. शेजारच्या वयस्कर गृहस्थांनी माझा कागद पाहिला आणि विचारलं, “कशाचा धूर?”

मला उत्तर देता आलं नाही आणि ते फार लागलं. मी धुरात वाढलेली मुलगी. संगमेश्वरकडच्या आमच्या घरी बंब पेटायचा तो नारळाच्या सोडणांवर. आजी तव्यावर मिसरी भाजायला बसली की माजघर खोकायला लागायचं. धाकट्या भावाच्या वेळी आईच्या बाजेखाली शेगडी असायची, त्यात ओवा, बाळंतशेपा, वावडिंग. पावसाआधी राब भाजायचे, पालापाचोळा आणि शेण अंथरून वर माती पसरलेली, आणि त्या धुराला जमिनीचा वास असायचा. हे सगळे धूर मला डोळे मिटून ओळखता आले असते. मग ग्लासपुढे बसलं की सगळे एक का होत होते?

घरी सराव सुरू केला, तो चुकीच्या टोकाने. धुराच्या बाबतीत सगळ्यात दणकट म्हणून नाव असलेली ऑक्टोमोर व्हिस्की आधी घेतली, ५७ टक्क्यांच्या वरची. त्यानंतरच्या दोन्ही ग्लासांत मला गरम पाण्यापलीकडे काही लागेना. संध्याकाळ वाया गेली, पण क्रम पक्का झाला: हलक्या धुराकडून जड धुराकडे. त्या दिवशी जेवणात लसणाची फोडणी नको, अंगाला अत्तर नको. नाक ग्लासात खुपसायचं नाही, ग्लास हनुवटीपाशी धरून तोंड किंचित उघडं ठेवायचं, म्हणजे मद्यार्काचा झणका टाळूला लागत नाही. नाक थकलं की स्वतःच्या बाहीचा वास घ्यायचा. वास सगळ्यांत जास्त पदरात पडतो तो ओतल्यावर १५-२० मिनिटांनी, तेवढा धीर धरायचा.

पाण्याबद्दल मी हट्टी होते, मला ती भेसळ वाटायची. २०१७ साली स्वीडनमधल्या दोन संशोधकांनी संगणकावर रेणूंची मांडणी करून दाखवलं की पाणी घातल्यावर धुरकट वासाचा ग्वायकॉल हा रेणू पृष्ठभागाकडे सरकतो. मग मी ड्रॉपरने थेंब मोजून घालायला लागले. चौथ्या-पाचव्या थेंबाला लाफ्रॉइग या व्हिस्कीतला औषधी वास बाजूला होऊन मागून गोड जव वर आला, तेव्हा माझा हट्ट सुटला.

तरीही खरं उत्तर मिळालं स्कॉटलंडच्या पश्चिम किनाऱ्याजवळच्या आयला बेटावर. केनाक्रेगहून बोट साधारण सव्वादोन तासांत बेटावरच्या पोर्ट एलनला लागते. तिथून समुद्राच्या कडेने जेमतेम पाच किलोमीटरच्या पायवाटेवर लाफ्रॉइग, लागावूलिन आणि आर्डबेग हे व्हिस्कीचे तीन कारखाने ओळीने येतात. लाफ्रॉइगमध्ये अजूनही काही जव जमिनीवर पसरून मोड आणतात आणि तिथेच भट्टीवर सुकवतात. भट्टीच्या तोंडाशी मी वाकून बघितलं, आत पीट होतं. पीट म्हणजे दलदलीत हजारो वर्षं साचलेलं शेवाळ, हेदरची झुडपं, गवत, काळं, शेणीसारखं कापलेलं. त्याचा जाळ होऊ देत नाहीत, धुमसत ठेवतात, कारण दाणा ओलसर असतानाच धूर त्याला चिकटतो. एकदा तो कोरडा झाला की पुढे फक्त गरम हवा. मी हातात घेतलेला मोड आलेला दाणा चावला, तर आधी गोड आणि मग घशात राख. लाकडाचा धूर असा नसतो. हा मातीचाच धूर होता, आणि मला राब आठवला.

लोक पीपीएमचा, म्हणजे दहा लाखांत किती भाग याचा, आकडा अभिमानाने सांगतात. धुरकट वास देणाऱ्या फेनॉलचा तो आकडा सुकवलेल्या जवाचा असतो, बाटलीतल्या व्हिस्कीचा नव्हे. लागावूलिन आणि आयलाचीच कल ईला यांचा जव साधारण एकाच मापाचा, ३५ पीपीएमच्या आसपास, आणि तो पोर्ट एलनच्या एकाच कारखान्यातून येतो. तरी एक जड, काळ्या चहासारखी आणि दुसरी लिंबासारखी स्वच्छ. ऊर्ध्वपातनाच्या भांड्यांचा आकार आणि त्यातून उतरणारी धार कुठे तोडली, इथे फरक पडतो, कारण फेनॉल धारेच्या शेवटाकडे जास्त उतरतात. म्हणून आता मी धूर किती आहे याला गुण देत नाही. धुराच्या मागे जव दिसतो का, घोट गेल्यावर राख उरते की गोडवा, हे बघते. धूरच धूर असेल तर माझ्याकडून सत्तरच्या वर जात नाही.

बेटावरून आल्यानंतरच्या बैठकीत पुन्हा पाच ग्लास. पहिला कल ईला, लिंबाची साल आणि विझलेल्या चुलीची राख. ८४. दुसऱ्याला वासातच मध, मग मिरी, आणि मागे तापलेल्या तव्यावरची मिसरी. आयलाचीच असणार अशी खात्री वाटून मी ८६ दिले. कागद काढला तर गोव्यातल्या कुंकळ्ळीची पॉल जॉन बोल्ड, आयलाच्याच पीटवर धुरावलेल्या जवाची! तिकडच्या उष्म्यात पिंपातून दरवर्षी स्कॉटलंडच्या तिपटी-चौपटीने व्हिस्की उडून जाते, त्यामुळे कमी वर्षांतही ती इतकी भरलेली लागते. सगळ्यांपुढे माझा गळा दाटून आला. पुढच्या दोन ग्लासांत आर्डबेग मी ओळखली, लाफ्रॉइग ओळखली.

पाचव्या ग्लासपुढे बराच वेळ बसले. तीन थेंब पाणी, परत वास. ओली माती, जळता पाला, सुकं खजूर, आणि शेवट लांबत लांबत गेलेला. ९१ दिले आणि देवनागरीत एकच शब्द लिहिला, ‘राब’. ती लागावूलिन १६ होती.

शेजारच्या गृहस्थांनी त्या अक्षरांवर बोट ठेवलं आणि अर्थ विचारला. मी सांगितलं, पावसाआधी शेताचा तुकडा भाजतात, त्यात भाताचं रोप चांगलं येतं. ते म्हणाले, त्यांच्या आजोबांच्या गावी डोंगरावरचं जून हेदर असंच पेटवत, नवा कोंब फुटावा म्हणून, आणि तो वास अंगावरच्या लोकरीत आठवडाभर राहायचा. मग त्यांनी माझा ग्लास उचलून हुंगला आणि त्यांच्या कागदावर आधीचा शब्द खोडून त्या हेदरच्या जाळाचं नाव लिहिलं.